सात नंबरचा चिखल

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगबाई म्हणत. एकवीस वर्षं पहिल्या मजल्यावरच्या त्याच टेबलाशी बसून, मायक्रोस्कोपवर मान वाकवून, ती चिखलातले जीव निवडत आली होती. तांदळातले खडे निवडावेत तसं; फक्त इथे खडे टाकायचे नसत, तेच जपून ठेवायचे असत. मान आखडली की उठायचं, कमरेवर हात ठेवून मागे वाकायचं, परत येऊन बसायचं. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणे, "तुझं बरं आहे. तुझी पोरं स्पिरिटमध्ये गप्प पडून असतात."

चिखल यायचा खाजणातून. शहराच्या टोकाला रस्ता संपतो तिथे मातीचा बांध आहे, आणि बांधापलीकडे थेट समुद्रापर्यंत पसरलेली खारट दलदल. भरतीला सगळी पाण्याखाली, ओहोटीला उघडी. जाड पानांची खुजी झुडपं, पांढरट मिठाचे पट्टे आणि वेड्यावाकड्या ओहळांच्या रेघा. बांधावरून बघणाऱ्याला वाटावं, इथे कावळ्यालासुद्धा काही मिळायचं नाही. पण ओंजळभर चिखल चाळणीत धुतला की त्यातून काय काय निघे. नखाएवढे खेकडे. डबक्यातल्या माश्यांच्या अळ्या. तिळाएवढा एक काळा किडा, जो चिखलात बाटलीच्या आकाराचं बीळ करतो आणि त्याचं तोंड इतकं अरुंद ठेवतो, की भरती वरून निघून जाते आणि आतली हवा आतच राहते. सहा तास तो त्या एवढ्याशा हवेवर काढतो. आणि सगळ्यांत जास्त निघत ते टणके.

टणका हे नाव पुस्तकातलं नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढा, दोन्ही बाजूंनी चपटा, पाठीत वाकलेला, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा जीव बोट लावलं की टणकन उडतो, म्हणून काकांनी त्याला ठेवलेलं ते नाव. काका म्हणजे चिखल आणणारा माणूस. अठ्ठावन्न वर्षांचे, काटक, कायम गुडघ्यापर्यंत राखाडी. हेडक्लार्क त्यांना चिखलराव म्हणायचा आणि त्यांना ते आवडायचं. खाजणात सात ठिकाणी काठ्या रोवून खुणा केल्या होत्या. दर पंधरवड्याला ओहोटी साधून काका एका रुंद फळीवर तोल सांभाळत त्या सातही खुणांशी जायचे आणि प्रत्येक ठिकाणचा बरणीभर चिखल आणायचे. भिंगबाई बांधावर थांबून बरण्यांना चिठ्ठ्या लावायची. टणक्यांची एक गंमत काकांनीच तिला पहिल्यांदा दाखवली होती. टणका कुठेही नेऊन सोडा, सूर्य दिसला की तो बरोबर स्वतःच्या समुद्राकडे तोंड करतो. "आपल्याला घरचा पत्ता विचारला तर दोनदा खिसे चाचपतो," काका म्हणाले होते, "आणि ह्यांना बघा."

मग तो दिवस आला.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पूर्ण ओहोटी होती. दहाला काका सातही बरण्या घेऊन बांधावर परत आले. गमबूट काढले, पाय धुतले, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि समुद्राकडे तोंड करून बसले. भिंगबाई त्यांच्या पाठीमागे बरण्या खोक्यात रचत होती. सात नंबरच्या बरणीचं झाकण तिने नीट फिरवलं नव्हतं. कोपर लागलं, बरणी आडवी झाली आणि सगळा चिखल बांधाच्या उतारावर सांडला.

गोष्ट एवढीशी होती. सांगून टाकली असती तर काका हसले असते. पण मागच्याच महिन्यात तिच्या हातून एक नमुना वाया गेला होता आणि मोठ्या सरांनी सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं होतं. "एकवीस वर्षं झाली तरी झाकण लावता येत नाही?" असं ते म्हणाले होते. तिने पायाने सांडलेला चिखल खाली लोटला. फडक्याने बरणी आतून पुसली. आणि म्हणाली, "काका, सात राहिलं वाटतं तुमचं."

काका वळले. "आणलं की."

"बरणी तर कोरडी आहे."

काकांनी बरणी हातात घेऊन आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा एखाद्या अनोळखी गल्लीत उभं राहिल्यासारखा झाला. मग ते कसनुसं हसले. "वय झालं म्हणायचं," असं म्हणून त्यांनी पुन्हा गमबूट चढवले.

पुढचं भिंगबाई स्वतःलासुद्धा थोडक्यातच सांगे. काका गेले. भरती अमावास्येची होती, नेहमीपेक्षा मोठी. पाणी समोरून आलं नाही, मागच्या ओहळातून आलं. तिने फोन केले, माणसं आली, होडी आली. दुपारी फळी सापडली. काका सापडले नाहीत. नंतरही कधी नाही.

चौकशीत तिने सांगितलं, की सात नंबर घ्यायचा राहिला हे काकांच्या उशिरा लक्षात आलं आणि ते आपणहून परत गेले. कोणी उलट विचारलं नाही. अहवालात एक ओळ आली, 'कर्मचाऱ्याच्या विस्मरणामुळे', आणि फाइल बंद झाली.

पंधरा दिवसांनी ती काकांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेली होती. स्टेशनामागच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. काकू रडत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या.

"गेल्या वर्षी ह्यांनी दोनदा चष्मा फ्रिजवर ठेवून घरभर शोधला. एकदा भाचीचं नाव आठवेना. ह्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. माझ्या लक्षात आलं होतं हो. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी म्हटलं, बघू, वेडे थोडेच झालेत, विसरतात जरासे. मीच पाठवलं ह्यांना त्या दिवशी डबा भरून."

सांगायचं असेल तर ती वेळ होती. भिंगबाईच्या जिभेवर शब्द आले होते. पण ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, काकू." त्यानंतर ती तिकडे फिरकली नाही.

सात महिने सात नंबरच्या खुणेकडे कोणी गेलं नाही. मग नवा माणूस नेमला गेला. तो भरतीच्या वेळी होडीने जायचा, लांब दांड्याच्या पंज्याने चिखल उचलायचा, बरण्या दारात ठेवून सही घ्यायचा आणि जायचा. त्या सोमवारी त्याने पहिल्यांदाच सातही बरण्या आणल्या.

काम नेहमीचंच होतं. चिखलात विषारी काही उतरलंय का ते पाहायला प्रत्येक ठिकाणचा चिखल एकेका पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा, त्यात वीस जिवंत टणके सोडायचे आणि दहा दिवसांनी किती जगले ते मोजायचं. टणके दिवसा चिखलात दडून बसतात. दिवसा ट्रेकडे पाहिलं तर नुसता चिखल दिसायला हवा.

मंगळवारी सकाळी ती आली तेव्हा सहा ट्रेमध्ये नुसता चिखल होता. सातव्यात वीसच्या वीस टणके वर आलेले होते. ट्रेच्या अलीकडच्या कडेला, एकाला लागून एक, रांगेत. सगळ्यांची तोंडं तिच्या खुर्चीकडे.

तिने आधी शास्त्रात बसेल तेवढं सगळं करून पाहिलं. चिखल खराब असेल तर जीव वर येतात, हे तिला माहीत होतं. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड एका बाजूने पडतो, हेही खरं. तिने दिवा बंद केला. पडदा ओढला. ट्रे अर्धा फिरवला, म्हणजे टणके आता पलीकडच्या कडेला गेले. ती चहा घेऊन परत आली तेव्हा ते पुन्हा अलीकडे होते.

बुधवारी तिने खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मांडली. दहा मिनिटांत रांग तिकडे आली. ती उठून खिडकीशी गेली. रांग मोडली, चिखलावरून बारीक रेघा उमटल्या, आणि टणके खिडकीच्या बाजूला जाऊन थांबले. ती दाराशी गेली. ते दाराकडे वळले. ते उडत नव्हते, हे तिला त्यातल्या त्यात जास्त खटकलं. एकही टणका उडत नव्हता. ते पावलापावलाने सरकत होते.

हेडक्लार्क कसलासा कागद घेऊन आला तेव्हा तिने त्याला म्हटलं, "दोन मिनिटं माझ्या खुर्चीत बसता का?"

"बढती दिलीत का मला?" म्हणत तो बसला. तिने चार पावलं मागे जाऊन पाहिलं. टणक्यांनी हेडक्लार्कची दखलही घेतली नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहावं तशी त्यांची तोंडं तिच्याकडेच होती.

शेजारच्या टेबलावर शेवाळाचं काम करणारी एक होती, तिला सगळे शेवाळताई म्हणत. गुरुवारी भिंगबाईने रजा घेतली आणि शुक्रवारी आल्या आल्या तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल माझे ट्रे ठीक होते ना?"

"ठीक म्हणजे काय, सातव्यातले सगळे ट्रेच्या भिंतीला चिकटून बसले होते. त्या कपाटाच्या बाजूच्या."

कपाटाच्या बाजूची भिंत पूर्वेची. भिंगबाईचं घर त्या दिशेला होतं, साडेचार किलोमीटरवर. गुरुवारचा पूर्ण दिवस ती घरात पांघरूण घेऊन पडून होती.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. "तुझ्या अंगाला वास येत असेल," तो म्हणाला. "एकवीस वर्षांचा चिखल आहे. साबणाने थोडाच जाणार? हातमोजे घालून बघ. वेगळा साबण बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल."

तो चांगला माणूस होता. त्याला तिने टणक्यांचं सांगितलं, बरणीचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलत तिने हातमोजे घातले, साबण बदलला, एक दिवस शेवाळताईचा कोट मागून घातला. काही फरक पडला नाही. जेवताना, भांडी घासताना, बसच्या रांगेत उभी असताना तिला वाटे, आपण आत्ता कुठे आहोत हे कोणालातरी नेमकं ठाऊक आहे.

दहाव्या दिवशी मोजणी. सातव्या ट्रेमध्ये वीसच्या वीस जिवंत होते. एवढं कधी होत नाही. नियमाप्रमाणे तिने ते चिमट्याने एकेक उचलून स्पिरिटच्या छोट्या बरणीत टाकले. स्पिरिटमध्ये टणका एकदा ताठ होतो, मग पाठ वाकवून मरतो. पाच मिनिटांत सगळे मेले. तिने झाकण घट्ट फिरवलं, दोनदा फिरवून पाहिलं, चिठ्ठी लावली आणि बरणी इतर सहांच्या शेजारी फळीवर ठेवली. तिला हलकं वाटलं. त्या दिवशी ती व्यवस्थित जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरच्या सहा बरण्यांमध्ये टणके तळाला विखुरलेले होते. सातवीत ते काचेला लागून उभे होते. पाठी सरळ. मेलेले, दुधाळ झालेले डोळे काचेला टेकलेले.

तिने बरणी फिरवून भिंतीकडे केली आणि खाली बसली. तिने काम केलं नाही. मायक्रोस्कोपच्या शेजारी हात ठेवून ती नुसती बसून राहिली. शेवाळताईने दोनदा विचारलं, बरं नाहीये का. तासाभराने ती उठली आणि फळीपाशी गेली.

ते काचेच्या अलीकडच्या बाजूला आले होते.

त्याच दुपारी तिने दोन पानं लिहिली. सात नंबरचा चिखल काकांनी आणला होता. तो माझ्या हातून सांडला. मी बरणी पुसली आणि ते विसरले असं त्यांना सांगितलं. चौकशीत मी खोटं बोलले. खाली सही, तारीख. कागद घेऊन ती मोठ्या सरांच्या खोलीत गेली.

सरांनी चष्मा चढवून दोन्ही पानं वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कशाला उकरून काढताय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "फाइल बंद झाली. माणूस परत येणार आहे का?"

"अहवालात त्यांना विसरभोळं ठरवलंय, सर. ते विसरले नव्हते."

"ह्याचं तुम्हाला काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," असं काहीसं ते पुटपुटले आणि कागदावर शिक्का मारला.

पुढच्या गोष्टी कार्यालयात होतात तशा झाल्या. तिला खाजणाच्या कामातून काढून तळमजल्यावरच्या कोठारात बसवण्यात आलं. विभागीय चौकशी सुरू झाली. अहवालातली ती ओळ बदलायचं ठरलं, आणि तसं पत्र काकूंना सोमवारी टपालाने पोचेल असं हेडक्लार्कने तिला सांगितलं. सांगताना तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्या रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपला, पण सकाळी त्याने तिचा चहा केला.

शुक्रवारी शेवाळताई जिना उतरून कोठारात आली.

"तुमची सातची बरणी बघितली का? सगळे आता तळाला जाऊन बसलेत."

"मेलेले जीव तळालाच जाणार."

"तसं नाही. एका कोपऱ्यात. गठ्ठा करून. डोकी खाली." तिने वर छताकडे पाहिलं, मग भिंगबाईच्या खुर्चीकडे. फळी नेमकी वर कुठे येते याचा अंदाज घेत असावी. मग ती निघून गेली.

भिंगबाईला कळेना, आता आणखी काय हवं आहे. लिहून दिलं होतं. सही केली होती. जे होतं ते पणाला लावलं होतं. मग तिच्या मनात आलं, की सांगायला हवं त्या माणसाला आपण सांगितलेलंच नाही. काकूंच्या हातात सोमवारी एक छापील कागद पडेल आणि त्या एकट्या तो वाचतील. त्याआधी आपण जाऊन तोंडाने सांगायला हवं.

शनिवारी सकाळी अकराला ती स्टेशनामागच्या इमारतीत गेली.

दार काकूंनी लगेच उघडलं. त्या वाळल्या होत्या, पण चेहरा मागच्यापेक्षा शांत होता. "या," त्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत का आला नाहीत, असं विचारलं नाही.

खोली स्वच्छ होती. फरशी नुकतीच पुसलेली, तरी भिंतीच्या कडेने, वीतभर उंचीवर, एक पांढरट रेघ होती. मिठाची असते तशी. मोरीच्या दाराशी जमिनीवर एक पसरट पातेलं होतं, त्यावर ओलं फडकं घट्ट ताणून बांधलेलं. भिंगबाईने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. हवेत तो वास होता. तो वास स्वतःच्या अंगाचा आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

काकूंनी पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या.

"काकू, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगा."

तिने सांगितलं. बस स्टॉपपासून जुळवत आणलेली वाक्यं बाजूलाच राहिली. झाकण, कोपर, पायाने लोटलेला चिखल, पुसलेली बरणी, काकांचा चेहरा, सगळं अडखळत, मागेपुढे करत सांगितलं. "ते विसरले नव्हते, काकू. त्यांना काहीही झालं नव्हतं. चष्मा आपण सगळेच विसरतो. तुमची काही चूक नव्हती. मी त्या दिवशी इथे बसून हे ऐकलं आणि गप्प राहिले." तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. बाहेर एक गाडी येऊन थांबली आणि गेली.

"म्हणजे ते खरं सांगत होते," काकू म्हणाल्या.

"कोण? काका?"

काकूंनी डोळे उघडले. "हे गेले, बाई," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "गेलेलं माणूस कुठून सांगणार?"

मोरीच्या दाराशी काहीतरी वाजलं. फडक्याला आतून कोणी तांदूळ फेकून मारावेत तसं. एक दाणा, मग तीनचार, मग थांबून पुन्हा एक.

काकूंनी तिकडे पाहिलं नाही. "सगळं सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं?"

भिंगबाईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वाटेत हे थांबले होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. शिवणाचं माप पुन्हा एकदा ताडून पाहावं, तसं त्या विचारत होत्या. "पाचव्या खुणेच्या पुढे. पाणी तेव्हा अजून ओहळात शिरलेलं नव्हतं. हे थांबले आणि मागे वळले. ह्यांना आठवलं होतं. ओरडून म्हणाले, मी आणलं होतं. असंच ना?"

त्या दिवशी बांधावर दुसरं कोणी नव्हतं. मैलभर आसपास कोणी नव्हतं. चौकशीत हे कोणी विचारलं नव्हतं, दोन पानांत तिने हे लिहिलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं. एवढे महिने ती स्वतःला जे थोडक्यात सांगत आली होती, त्यातही हे नव्हतं.

तिने मान हलवली. हो.

"तेव्हा परत यायला वेळ होता."

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

फडक्याखालचा आवाज वाढला.

"मला तोंडाने सांगता येत नाही, काकू."

"मग दाखवा."

भिंगबाईने खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात वर केला. तळवा पुढे करून दोनदा हवेत ढकलला. जा. जा पुढे.

काकू तिच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "ह्या हातात तुमच्या छत्री होती."

भिंगबाईने उजवा हात खाली घेतला, आणि डावा वर केला.

फडक्याखालचा आवाज थांबला.